तुझा कॅमेरा आणि मी पाणीवाला

तुझी तेरवी झाली. मंडप उतरला, भांडी परत गेली, कामठ्याची तुझी माहेरची माणसं दुपारच्या गाडीने निघाली. आता ओसरीत बसून एकदा नीट रडून घेऊ म्हटलं, तर तेही नशिबात नव्हतं. समोर तुझा अरविंद बसला होता आणि तो माझ्याआधीच सुरू झाला होता.

पंधरा वर्षं मी या माणसाचं नाव फोनवर ऐकत आलो. पुण्याच्या तुझ्या संस्थेत तो तुझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा, तुझ्याबरोबर कॅमेरे बांधायचा, तुझ्याबरोबर चिलीच्या डोंगरावर जायचा. अरविंद असं म्हणतो, अरविंदने तार जोडली, आज अरविंद आणि मी जेवलोच नाही. न पाहताच मी त्याला मनात चांगला उंचापुरा, दाट केसांचा करून ठेवला होता. आला तो बुटका निघाला, अर्धं टक्कल पडलेला, बसताना गुडघे धरणारा. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. मग त्याने रुमाल काढला आणि असा रडला की पाहुणे येऊन मलाच विचारायला लागले, हा सुनेचा भाऊ होय का. मी म्हटलं, ऑफिसमधले आहेत. मुद्दामच तसं म्हटलं.

शेवटच्या दिवशी सकाळी लॅबमध्ये तू डोकं धरून खाली बसलीस, तेव्हा तुला गाडीत घालून दवाखान्यात नेणारा तोच. तुझ्याशी शेवटचं बोलणाराही तोच. मी तेव्हा इटियाडोह धरणाच्या कालव्यावर होतो, गुडघाभर चिखलात, आणि मोबाइल मोटारसायकलच्या डिकीत. त्याने मला अकरा वेळा फोन केला होता. मी त्याचे उपकार मानायला पाहिजेत. मानतो. पण उपकार मानता मानताही पोटात जळतं, त्याला मी काय करू?

ऐक. मला तुझा हेवा कधीच वाटला नाही. तुझं शिक्षण, तुझा पगार, तुझं विमान, यातलं काहीच मला नको होतं. गाव समजायचं की तेजराम बायकोवर जळतो. मी तुझ्यावर नाही जळलो. ज्याला ज्याला तू मिळायचीस त्याच्यावर जळलो. बाईला सवत असते. नवऱ्याच्या वाट्याला असलं काही आलं तर त्याला काय म्हणायचं, यासाठी आपल्याकडे शब्दसुद्धा नाही. आणि माझा तो जो कोणी होता, तो धड माणूसही नव्हता. धानाच्या कोठीएवढा धातूचा डबा होता.

लग्न करून तू सौंदडला आलीस तेव्हा गावात एवढंच पसरलं की सून कॅमेऱ्याचं काम करते. मग काय, कोणी जावळाच्या फोटोसाठी यायचं, कोणी रेशनकार्डाच्या. एकदा शेजारच्या काकू मुलाच्या साखरपुड्याची ऑर्डर घेऊनच आल्या. तू त्यांना चहा दिलास आणि शांतपणे सांगितलंस की माझ्या कॅमेऱ्यात माणूस येत नाही. ताऱ्यांच्या मधे थंड धुळीचे ढग असतात, त्यांच्यात नवे तारे तयार होतात, ते ढग येतात. काकूंनी चहा संपवला. जाता जाता मायला म्हणाल्या, "धुळीचे फोटो काढाले एवढी शिकली का वो तुझी सून?" माय म्हणाली, "तुझ्या घरची धूळ कोनी इचारते का?" तुझी आणि मायची गट्टी त्या दिवसापासूनची, हे मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

मला समजावून सांगण्यात तू तेव्हा एक अख्खी दुपार घालवलीस. या उजेडाच्या लहरी एका मिलिमीटरहून आखूड, म्हणून याला सबमिलिमीटर म्हणायचं; डोळ्याला तो दिसत नाही. साध्या कॅमेऱ्यातला ठिपका उजेड टिपतो, तुझ्या कॅमेऱ्यातला ठिपका तापतो, अगदी कणभर, आणि तो किती तापला ते मोजायचं. असे शेकडो ठिपके एका चकतीवर. पण डबाच गरम असला तर त्याला स्वतःचीच ऊब दिसत बसेल, म्हणून तो इतका थंड करायचा की त्याच्या खाली थंडी जवळजवळ उरतच नाही. मी म्हटलं, तापणाराच पाहिजे असेल तर मला बसव त्यात, मी लवकर तापतो. तू हसलीस. म्हणालीस, "तुम्ही नाही चालणार जी. तुम्ही पाणीवाले."

तेव्हा मीही हसलो. पुढे तो शब्द टोचत राहिला. आमचं घराणंच पाण्याचं. गावाबाहेरची बोडी, म्हणजे शेतांना पाणी देणारा तो छोटा तलाव, माझ्या पणजोबाच्या बापाने बांधलेली. पाळ कुठे कच्ची आहे हे आमच्या माणसांना नुसतं चालताना पायाला कळतं असं म्हणतात. मी सरकारी कालवा निरीक्षक झालो तरी काम तेच राहिलं, कोणाच्या धानाच्या बांधीत पाणी पोचलं आणि कोणाच्या नाही. आणि तुझ्या कामाचा सगळ्यात मोठा दुश्मन पाणीच. हवेतली वाफ तुझा तो उजेड वरच्या वर पिऊन टाकते. म्हणून तुमची दुर्बीण अटाकामाच्या वाळवंटात, पाच हजार मीटर उंचीवर, जिथे ढगही क्वचितच येतो.

रविवारी संध्याकाळी मी फोन करायचो, तेव्हा तिकडे सकाळ असायची. पहिला प्रश्न ठरलेला, आज पाणी किती? डोक्यावरच्या हवेतली सगळी वाफ पिळून खाली पसरली तर किती मिलिमीटर भरेल, हे तुमचं मोजमाप. "आज अर्धा," तू म्हणायचीस आणि लॉटरी लागल्यासारखी हसायचीस. मग मी विचारायचो, अन् आपल्या सौंदडवर? श्रावणात तीन-चार बोटं तरी, तू म्हणायचीस, आपल्या अंगणातून माझा कॅमेरा ठार आंधळा. मी इकडे धरण भरावं म्हणून आभाळाकडे डोळे लावून बसायचो आणि तू तिकडे ढग येऊ नये म्हणून. एकाच घरातली दोन माणसं देवाला उलटसुलट अर्ज करत होतो. देव तुझंच जास्त ऐकतो असं मला वाटायचं, आणि ते मी तुला दर वेळी ऐकवायचो.

पण खरं दुखणं वेगळंच होतं. इथे असलीस की तू नीट बोलायचीस, पोटभर जेवायचीस, धानाच्या रोवणीला बायकांबरोबर चिखलात उतरायचीस, कशात कमी नाही. पण तिकडे गेलीस की तुझा आवाज बदलायचा. हवा विरळ, नाकाला ऑक्सिजनची नळी, धाप लागलेली, तरी त्यात असा एक चढ असायचा जो मी घरात कधी ऐकला नाही. डबा थंड झाला. डब्याने आज पहिल्यांदा गुरू ग्रह पाहिला. डबा आज खुशीत आहे. मी एकदा विचारलंच, माझ्याबद्दल तू अरविंदशी अशा आवाजात बोलतेस का? तू म्हणालीस, त्यालाच विचारा. मी कधी विचारलं नाही, कारण तो नाही म्हणाला तर काय, ही भीती होती.

आता एक कबूल करतो, ते तू जिवंत असताना केलं नाही. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी तुला कालवा पाहायचा होता. मी तुला मोटारसायकलवर घेऊन गेलो, एका पळसाखाली बसवलं आणि म्हटलं, दहा मिनिटांत आलो. तेवढ्यात पलीकडच्या शिवारात एका शेताची पाळ खेकड्यांनी पोखरून फुटली आणि मी धावलो. माती, दगड, पोती, माणसं, आरडाओरडा. पाळ बांधून झाली तेव्हा ऊन कलंडलं होतं, आणि चिखलाचे हात धुताना मला आठवलं की आपल्याला बायको आहे. तू तिथेच बसली होतीस, पुस्तक वाचत. मी तोंड पाडून उभा राहिलो. तू पुस्तक मिटवून म्हणालीस, "चला. भूक लागली." बस. पुढे वीस वर्षं मी डब्यावरून तुला टोमणे मारले, पण तू एकदाही तो पळस भांडणात काढला नाहीस. तुझ्या जागी मी असतो तर दर आठवड्याला काढला असता. याबद्दल तुझे आभार मानायचे राहिले ते राहिलेच.

आणि ते शेवटचं भांडण. मायच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख गोंदियाला ठरली होती आणि तू डोंगरावर होतीस, नवा कॅमेरा नुकताच दुर्बिणीवर चढलेला. मी म्हटलं, निघून ये. तू म्हणालीस की आता डबा सोडून आले आणि काही बिघडून तो गरम झाला, तर परत थंड करण्यात आठवडे जातील, तोवर कोरडे दिवस संपतील. मग मी बोलू नये ते बोललो. "इथं माय आंधळी होऊन राहिली, अन् तू त्या डब्याचे डोळे पुसून राहिली."

तिकडून तुझी धाप ऐकू आली. मग म्हणालीस, "माय थांबते म्हणाली. थांबणं तुमच्याच्यानं होऊन नाही राहिलं. मायले कायले पुढं करता?"

मी फोन ठेवला आणि ठरल्या तारखेलाच मायचं ऑपरेशन करून आणलं. पुढचे तीन रविवार आपण बोललो, पण गॅसचं, लाइटचं, कौलांवर नाचणाऱ्या माकडांचं. ते वाक्य मधे तसंच पडून होतं. तू बरोबर होतीस. मायला घाई नव्हती, मला होती. मला तू पाहिजे होतीस आणि तसं सांगायची लाज वाटत होती, म्हणून मी म्हातारीचे डोळे पुढे केले. हे तुला समोर बसून सांगायचं मी ठरवलं होतं. तू पुण्याला परत आलीस, शनिवारी घरी येणार होतीस. बुधवारी अरविंदचे अकरा फोन आले.

तर हा अरविंद. रडणं ओसरल्यावर त्याने बॅगेतून लॅपटॉप काढला आणि मायला म्हणाला, तुम्हाला एक दाखवायचं आहे. मला नाही, मायला. मी तिथेच उभा होतो. माय नव्या डोळ्याने पुढे सरकून बसली. पडद्यावर एक करडं चित्र होतं आणि त्याच्यावर आडवे पट्टेच पट्टे. मधे ढगासारखं काही होतं, पण पट्ट्यांत गुंतलेलं. अरविंदने सांगितलं, हे सुरुवातीचं. दुर्बीण आभाळाच्या एका तुकड्यावरून डावी-उजवीकडे झुलवत न्यायची, म्हणजे सगळ्या ठिपक्यांखालून सगळा तुकडा जातो. पण तेवढ्या वेळात वरची वाफ सरकते, ठिपकेही आपापल्या लहरीने वरखाली होतात, आणि त्याच्या खुणा पट्टे होऊन उरतात. गणितं करकरून पट्टे काढायला जावं तर त्यांच्याबरोबर खरा ढगही निघून जायचा.

"आम्ही महिनाभर डोकं फोडत होतो," अरविंद म्हणाला. "मग एक दिवस ती म्हणाली, माझ्या सासूने हे पाहिलं असतं तर मला परत सारवायला लावलं असतं."

माय हसली. तेरवीच्या दिवशी. मग तिने जे सांगितलं ते मला ठाऊकच नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्या मळणीआधी तू खळं सारवायला घेतलं होतंस. कामठ्याला तुमच्याकडे दुकान, घरात फरशी, शेणात हात घालायची तुला कुठली सवय. तू एकाच अंगाने हात मारत गेलीस आणि वाळल्यावर खळ्यावर पट्टे उठले. पट्ट्यांत धान अडकतं, मग झाडून निघत नाही. मायने सगळं परत करायला लावलं, आधी आडवा हात, मग त्याच्यावरून उभा. "आडव्यानं राहते ते उभ्यानं निघते," माय अरविंदला समजावू लागली, आणि तोही उद्या खळं सारवायचं असल्यासारखा मान हलवत होता.

तुम्ही तेच केलं म्हणे. एकदा आडवं झुलवायचं, एकदा उभं. ढग दोन्ही वेळा जिथल्या तिथे राहतो, पट्टे राहत नाहीत. दुसरेही असं करतात, हा काही आमचा शोध नव्हे, अरविंदने प्रामाणिकपणे सांगितलं. आम्हालाच सुचायला उशीर झाला. पण तुमच्या दुर्बिणीवर हे झुलणं ज्या आज्ञेने सुरू होतं तिचं नाव तू "माय" ठेवलंस. तिथली चिलीची माणसं रोज संगणकावर "माय" असं टाइप करतात आणि एवढी मोठी दुर्बीण हलते. मग त्याने दुसरं चित्र काढलं. एकही पट्टा नाही, मधे पिंजलेल्या कापसासारखा ढग. मायने ते बराच वेळ पाहिलं.

"आता बरं सारवलं," ती म्हणाली.

मी काय केलं सांगू? उठून मागच्या रिकाम्या गोठ्यात जाऊन उभा राहिलो. जळून खाक झालो होतो, आणि कोणावर, तर स्वतःच्या जन्मदात्या मायवर. जिने गोंदियाच्या पलीकडे पाय ठेवला नाही ती बाई त्या डोंगरावर जाऊन बसली. आणि मी वीस वर्षं पाणी किती, पाणी किती म्हणून विचारत राहिलो, त्या माझ्यासाठी तिथे एक बटणसुद्धा नाही. मायचे आणि तुझे वेगळे फोन चालायचे, हेही त्याच दिवशी कळलं. ऑपरेशनला येऊ नको, तुझं काम होऊ दे, मी थांबते, हे खरंच तिने तुला सांगितलं होतं. मला ते तुझं निमित्त वाटलं होतं.

मग लाज सोडून परत आलो आणि इतकी वर्षं न विचारलेलं अरविंदला सरळ विचारलं. माझ्याबद्दल काही बोलायची का?

त्याने चष्मा काढून पुसला. म्हणाला, "फारसं नाही." खोटं बोलला असता तर मी ओळखलं असतं. मग म्हणाला, "भाऊ, खरं सांगू? आम्ही तुमच्यावर चिडून असायचो." त्याने सांगितलं की चांगली हवा तिथेही रोज नसते. अर्धा मिलिमीटरची सकाळ मिळाली की कोणी जागचं हलत नाही, प्यायला पाणी घ्यायलाही उठत नाही, कारण ऊन चढलं की हवा बिघडते. आणि रविवारी नेमका त्याच वेळी माझा फोन यायचा. तू सगळं टाकून उठायचीस आणि बाहेर जायचीस, अर्धा अर्धा तास. दुसऱ्या कोणासाठी तू पाच मिनिटं दिली नाहीस. अरविंद एकदा वैतागून म्हणाला होता, नंतर कर ना फोन. तेव्हा तू त्याला सांगितलंस, "रविवारची पाळी त्यांची आहे. पाळी तोडता येत नाही."

हा आमचा कालव्यावरचा शब्द. ज्याच्या पाळीचं पाणी त्याचंच, मग कोणीही येऊन उभा राहो. अरविंदला त्याचा अर्थ ठाऊक नव्हता. त्याला तो नुसता तुझा हट्ट वाटला होता.

आणि त्या अर्ध्या तासात मी काय केलं? गॅस, लाइट, माकडं. डब्याला टोमणे. पाणी पोचलं नाही म्हणून शिव्या देणारे शेतकरी मी आयुष्यभर पाहिले. पाणी बांधावर येऊन थांबलं असताना बोंबलत बसलेला मी एकटाच. तिथे ओसरीत मला रडू आलं, आणि ते नुसतं दुःखाचं नव्हतं, त्यात लाज होती. अरविंदने माझ्या पाठीवर हात ठेवला. मी ठेवू दिला.

संध्याकाळी त्याला सौंदड स्टेशनवर सोडायला गेलो. गोंदियाची गाडी लेट होती. बाकावर बसल्यावर त्याने खिशातून एक कागद काढला. तुमच्या संस्थेत पुढचा कॅमेरा तयार होतो आहे, ज्याचा आराखडा तू काढलास तो, आणि सगळ्यांच्या मनात आहे की त्याला तुझं नाव द्यावं. नवरा म्हणून माझी सही पाहिजे. पेनही त्यानेच पुढे केलं.

मी सही केली नाही. विचार करतो म्हटलं. मी आनंदाने सही करीन असं त्याला वाटलं होतं, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. पण मी तोवर दुसरंच मोजत बसलो होतो. बाकावर बसल्यापासून त्याने तुझं नाव सात वेळा घेतलं होतं. नुसतं नाव, मॅडम नाही, ताई नाही. चिलीची माणसंही घेतात म्हणे, त्यांच्या जिभेला जमेल तसं वाकडं करून.

आणि मी? नवराबायकोने एकमेकांचं नाव घ्यायचं नाही, ही आपल्याकडची जुनी रीत. आताची पोरं पाळत नाहीत, मी पाळली. आधी चारचौघांची लाज, मग मायपुढची लाज, मग एकट्यातही सवय. लग्नात उखाण्यात एकदा घेतलं, तेही मावशीने पाठ करून घेतलेलं. मोबाइलमध्ये तुझा नंबर "घर" म्हणून आहे. तेरवीच्या पत्रिकेसाठी छापखान्यात गेलो तर तिथेही तोंडाने सांगितलं नाही, तुझं आधारकार्ड काढून समोर ठेवलं.

घरी आलो तेव्हा माय पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा सोलत बसली होती. मी कागदाचं सांगितलं. म्हटलं, सही केली नाही आणि करणारही नाही. आयुष्यभर त्या डब्याने तिला नेलं, आता नावही त्यालाच देऊ का? माय सोलत राहिली. म्हणाली, "नाही देशील तं काय करशील त्या नावाचं?"

मी म्हटलं, माझ्याकडे ठेवीन.

"तुझ्याकडं होतं कवा?" माय म्हणाली. "वीस वर्सं नुसतं आयक वो, आयक वो करून राहिला. या घरात पोरीले तिचं नाव मीच ऐकवलं. एक डाव पाहुणे आले होते, तू सांगशील म्हणून ते दाराआड उभी राहिली होती, हातात चहा घेऊन. तू म्हणला, ही आमची मिसेस."

तू दाराआड किती वेळ उभी होतीस आणि चहा आणताना तुझं तोंड कसं होतं, हे मी मायला विचारलं नाही. मला ते पाहुणेही आठवत नाहीत.

आज सकाळी अरविंदला फोन केला. सही करीन म्हणालो, पण आत्ता नाही, एक वर्ष थांबा. त्याने विचारलं, कशासाठी? मी म्हटलं, तुम्ही सगळ्यांनी ते नाव पोटभर घेतलं आहे. मी अजून सुरुवातही केलेली नाही. आधी ते माझ्या तोंडात बसू द्या, मग डब्यावर चढवा. तो रागावेल असं वाटलं, पण "बरं भाऊ" म्हणाला, आणि या खेपेला त्याने तुझं नाव न घेता फोन ठेवला. तेवढ्यासाठी तो मला पहिल्यांदा थोडा आवडला.

फोन ठेवून अंगणात आलो. माय दारात बसली होती. शेजारच्या काकू नळावर पाणी भरत होत्या, त्यांची सून उभी होती, रस्त्याने दोन माणसं सायकल हातात धरून जात होती. म्हणजे चारचौघं होतीच. तोंड उघडलं, पहिल्यांदा नुसती हवाच आली. काकूंनी वळून पाहिलं. मी पुन्हा तोंड उघडलं.

वनमाला.

"मोठ्यानं," माय म्हणाली. "लांब गेली ना ते."